उन्हाळा लागताच दूध आणि फॅट घसरली: फॉगर घेण्याआधी गोठ्यात काय बघावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नेवासा भागात सहा एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) संकरित गाई (त्यातली एक आटवलेली, म्हणजे विण्याआधी दूध काढणं थांबवलेली) आणि दोन मुऱ्हा म्हशी आहेत. गोठा पत्र्याचा, आठ फूट उंच, आणि जनावरं दिवसरात्र दावणीला. होळीच्या आधी गाईंचं दूध दिवसाला ६५ लिटर होतं, आता ५४ वर आलंय. फॅट ३.८ वरून ३.३ झाल्यामुळे भावही कापला जातोय. दुकानदार फॉगरचा (हवेत बारीक धुकं सोडणारा) संच घ्या म्हणतो. तो घ्यावा का, आणि चारा-पेंड तीच असताना फॅट का पडली, हे तुम्ही विचारलंय.

फॉगर हा यातला शेवटचा प्रश्न आहे. आधी हे कळायला हवं की तुमच्या गाई दिवसभरात किती उष्णता साठवतात आणि रात्री त्यातली किती बाहेर टाकू शकतात. मार्च आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्याकडे दुपार तापते, पण पहाट अजून गार असते. हा गारवा फुकट मिळतो, आणि पत्र्याखाली दावणीला बांधलेल्या गाईला तो मिळत नाही. बहुतेक गोठ्यांत सुरुवातीची घसरण इथूनच होते.

म्हणून आधी मोजमाप करा. त्याला पैसे लागत नाहीत. गाईच्या डाव्या भकाळीकडे (बरगड्यांमागच्या खोलगट भागाकडे) बघा, एकदा आत-बाहेर झालं की एक श्वास. मोबाईलवर मिनिट लावून दुपारी तीनला, रात्री दहाला आणि पहाटे पाचला प्रत्येक गाईचे श्वास मोजा. वहीत तीन रकाने करा. गाई नुकत्या उठवलेल्या, हाकललेल्या असतील तर मोजू नका. मिनिटाला ४० पर्यंत ठीक. ६० च्या वर गेले तर गाईला उष्णतेचा ताण आहे. ८०-९० च्या वर, मान पुढे, तोंड उघडं आणि लाळ गळतेय, म्हणजे तातडीने थंड करायचं. पण तीनचा आकडा एकटा फार सांगत नाही. तीनला ७५ आणि दहाला ४० असेल तर गाय रात्री सावरतेय, दुपारची सोय केली की पुरे. दहालाही ६० असेल तर गाय कालची उष्णता घेऊनच आजचा दिवस सुरू करतेय. अशी गाय दोन-तीन दिवसांत गव्हाणीपासून मागे सरते. दुसरी खूण म्हणजे ती बसत नाही. अंगाला जास्त हवा लागावी म्हणून उभीच राहते, आणि महिनाभराने खुरांच्या तक्रारी सुरू होतात.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो. गाईला नुसतं तापमान त्रास देत नाही, हवेतली आर्द्रताही मोजावी लागते. दोन्हींचा मिळून एक निर्देशांक काढतात. तो ७२ च्या वर गेला की संकरित गाईला ताण सुरू होतो, जास्त दुधाच्या गाईला त्याआधीच. तुमच्याकडे दुपारी ३६ अंश आणि आर्द्रता २५ टक्के धरली तर तो ८१ च्या आसपास येतो. रत्नागिरीत ३१ अंश आणि ७५ टक्के असताना तो ८४ च्या जवळ जातो. म्हणजे पाच अंश कमी असूनही कोकणातली गाय जास्त तापते, कारण तिचा घाम सुकत नाही. तुमची हवा कोरडी आहे, हा तुमचा फायदा. अंगावरचं एक लिटर पाणी सुकताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून नेतं. कोरड्या हवेत ते पटकन सुकतं. त्यामुळे पुढे सांगतोय ते नगर, मराठवाडा, सोलापूर भागासाठी आहे, किनारपट्टीला जसंच्या तसं लावू नका. शिवाय नुकती व्यालेली १८ लिटरची गाय आणि सात महिने झालेली ८ लिटरची गाय यांचं उत्तर एक नसतं. दूध जितकं जास्त तितकी तिची आतली भट्टी मोठी.

भट्टी म्हणजे कोठीपोट, गाईचं चारा आंबवणारं मोठं पोट. चारा आंबताना उष्णता तयार होते, आणि कडब्यासारख्या जाड चाऱ्याची जास्त होते. चारा खाल्ल्यावर तीन-चार तासांनी ही उष्णता चढते. सकाळी नऊला पोटभर कडबा-कुट्टी टाकली तर आतली उष्णता बाराला वर येते आणि बाहेरचं ऊनही तेव्हाच. गाय यावर एकच उपाय करते, खाणं कमी करते. त्यातही ती चारा सोडते आणि पेंड खाते, कारण पेंड चवीला बरी लागते. तुम्ही टाकता तेवढंच, पण तिच्या पोटात जाणारं प्रमाण बदललेलं असतं. गव्हाणीत उरलेलं बघा, जाड कांड्या उरल्या असतील तर हेच चाललंय.

फॅटचं उत्तर इथेच आहे. चारा कमी झाला की रवंथ कमी, रवंथ कमी की लाळ कमी. गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ तयार करते आणि त्या लाळेत सोडा असतो, तोच कोठीपोटातली आम्लता आवरतो. उन्हाळ्यात धापा टाकताना लाळ तोंडातून जमिनीवर गळते, आणि श्वासाच्या वेगामुळे रक्तातला सोडाही लघवीवाटे निघून जातो. पोट आंबट होतं, फॅट बनवायला लागणारे घटक कमी तयार होतात. शेण पातळ, फेसाळ, त्यात न पचलेले मक्याचे कण दिसत असतील तर खात्रीच समजा. आणखी एक साधं कारण तपासा. गाय अस्वस्थ असली की पान्हा पूर्ण सोडत नाही, आणि सगळ्यात जास्त फॅट शेवटच्या धारांत असते. दुपारची धार तीनला, ऐन तापात काढत असाल तर ती साडेपाचला न्या आणि त्याआधी गाय थंड करा.

उपाय म्हणून खाण्याचा सोडा गाईमागे दिवसाला १०० ते १२० ग्रॅम, दोन वेळच्या अंबोणात (पेंड-भरड्याच्या खुराकात) निम्मा-निम्मा. धुण्याचा सोडा चुकूनही नको. मीठ ३०-४० ग्रॅम आणि चांगलं खनिज मिश्रण ५० ते १०० ग्रॅम रोज. घामातून गाईचं पोटॅशियम जातं, म्हणून उन्हाळ्यात खनिज मिश्रणात काटकसर करू नये. सोड्याने फॅट आठ-दहा दिवसांत सावरायला लागते, पण चारा पोटात जात नसेल तर एकट्या सोड्याने काही होत नाही.

आता दिवसाची मांडणी. एकूण चाऱ्याचा दोन तृतीयांश भाग संध्याकाळी सातनंतर ते पहाटे सहाच्या आत पोटात जायला हवा. पहाटे साडेचारला गव्हाण झाडून मूरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) किंवा हिरवा चारा टाका, पाचला धार, मग अंबोणाचा पहिला हप्ता. साडेआठला थोडी कुट्टी, त्यानंतर दुपारी चारपर्यंत गव्हाणीत जड काही नको, वाटल्यास मूठभर हिरवं. संध्याकाळच्या धारेनंतर दुसरा हप्ता, साडेसातला मुख्य चारा, आणि रात्री साडेदहाला एक फेरी: उरलेली कुट्टी हलवायची, नवीन टाकायची, अंबोणाचा तिसरा हप्ता द्यायचा. घरातल्या कुणीतरी ही साडेदहाची फेरी अंगावर घ्यायला हवी. तिचा फरक दुसऱ्या आठवड्यात दुधावर दिसतो.

प्रमाण सांगायचं तर ४०० ते ४५० किलो वजनाच्या, १२-१३ लिटर देणाऱ्या गाईला २० किलोच्या आसपास मूरघास किंवा हिरवा मका, ३ ते ४ किलो कडबा कुट्टी आणि अंबोण साधारण साडेसहा किलो (शरीरासाठी दीड, वर लिटरमागे ४०० ग्रॅम). अंबोण एका वेळी दोन-अडीच किलोच्या वर देऊ नका, तीन हप्ते करा. दूध घसरलं म्हणून पेंड वाढवणं ही या दिवसांतली सगळ्यात नेहमीची चूक आहे, त्याने पोट आणखी आंबट होतं. ऊर्जा वाढवायचीच असेल तर १५ लिटरच्या वरच्या गाईला बायपास फॅट १०० ते १५० ग्रॅम द्या. ती कोठीपोटात आंबत नाही, त्यामुळे उष्णता वाढवत नाही. कुट्टी इंचभराची ठेवा. भुकटीसारखी बारीक केली तर रवंथच होत नाही.

चाऱ्याबद्दल तीन सावधगिऱ्या. साखर कारखाने बंद होताना वाढे (उसाचे शेंडे) स्वस्त मिळतात आणि सगळी दावण वाढ्यांवर जाते. वाढ्यांत ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. म्हणून वाढे एकूण हिरव्या चाऱ्याच्या निम्म्याच्या आत ठेवा, कुट्टी करून चुन्याची निवळी शिंपडा आणि खनिज मिश्रण चालू ठेवा. दुसरं, उन्हाळी ज्वारी किंवा तिचा खोडवा (कापणीनंतर फुटलेलं पीक) पाण्याच्या ताणावर असेल तर कोवळेपणी अजिबात कापू नका. सुकलेल्या कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार होतं, जनावर अर्ध्या तासात आडवं पडतं. फुलोऱ्यावर आल्यावरच घाला. तिसरं, मूरघासाचा खड्डा उघडला की दर्शनी भागावरून रोज किमान सहा इंचांचा पूर्ण थर निघायला हवा. आठ जनावरांना मोठा खड्डा पुरतो खरा, पण कापणी हळू होते आणि उघडा भाग उन्हाळ्यात तापून बुरसतो. हात घातल्यावर गरम लागला तर तो थर फेका. तुमच्यासारख्या गोठ्याला बॅगमधला मूरघास सोयीचा.

पाण्याबद्दल तुम्ही लिहिलंय की दिवसातून तीनदा बादलीने पाजता. माझ्या मते दुधाची निम्मी घट इथे आहे. दुधात ८७ टक्के पाणी असतं. तुमच्या दुभत्या गाईला या दिवसांत ८० ते १०० लिटर लागतं, म्हणजे आठही जनावरांना मिळून ७०० लिटरची तयारी हवी. बादलीने कुणी एवढं पाजत नाही. दावणीसमोर किंवा मोकळ्या जागेत सावलीतला हौद करा, चोवीस तास भरलेला. फ्लोट वॉल्व बसवला की निगराणी संपते. आणि एकदा दुपारी दोनला नळाखाली हात धरून बघा. काळी टाकी आणि जमिनीवरून आलेला काळा पाइप असेल तर पहिली काही मिनिटं पाणी चटका देतं. असं पाणी गाय तोंड लावून सोडते. पाइप फूटभर पुरा, टाकीवर ओलं पोतं किंवा छप्पर टाका. हौदाला आतून पंधरा दिवसांनी चुना लावा, शेवाळ धरत नाही. धार काढून सोडल्यावर गाय आधी हौदाकडे जाते, त्या वेळी तो भरलेला असलाच पाहिजे.

मग मोकळीक. आठ जनावरांना दीड गुंठा जागा पुरते. रात्री आठ ते सकाळी आठ गाई मुक्त सोडल्या की त्या स्वतःच वाऱ्याची जागा शोधून बसतात. आकाशाखाली बसलेली गाय पत्र्याखालच्यापेक्षा कितीतरी लवकर थंड होते. तुमच्या भागात उसात बिबट्या असतो, म्हणून काटेरी तार पुरेशी नाही. चेन लिंकची उंच जाळी आणि दिवा हवा. वासरं रात्री वरूनही बंद असलेल्या जाळीच्या खोलीतच ठेवा, यात तडजोड नको.

गोठा आठ फुटी आहे, तो आता उंच करता येणार नाही, पण पत्रा थंड करता येतो. वरून चुना आणि त्यात थोडा फेविकॉल असे दोन हात मारा, नंतर सहा-आठ इंच उसाचं पाचट पसरून जाळीने बांधा. वायर उघडी असेल किंवा चूल जवळ असेल तर पाचट नको, त्याऐवजी शेडनेट पत्र्याच्या वर फूटभर अंतर सोडून ताणा. बरेच जण नेट पत्र्याखाली बांधतात. त्याने वारा अडतो आणि गरम हवा गाईच्या पाठीवरच राहते. पश्चिमेच्या बाजूला दुपारनंतर उघडता-मिटता येईल असा नेटचा पडदा करा. बाकी तीन बाजूंना रचलेली पोती, लाकडं, जुनी कौलं असतील तर ती हलवा.

एवढं झाल्यावर फॉगर. तो हवा थंड करतो, गाय नव्हे. बारीक धुकं कोरड्या हवेत चालतं, पण चारही बाजूंनी उघड्या गोठ्यात ते वाऱ्याबरोबर निघून जातं. कमी दाबाचा संच असेल तर केसांच्या टोकावर दवासारखा थर बसतो, आतली कातडी कोरडीच राहते. त्यात बोअरच्या क्षाराच्या पाण्याने त्याची छिद्रं महिन्या-दोन महिन्यांत बंद पडतात. तुमच्या गोठ्याला मी मोठ्या थेंबाचा फवारा आणि पंखा सुचवेन. फवाऱ्याची नळी पाठीच्या वर सहा-सात फुटांवर, अर्ध्या इंची पाइपवर साधे स्प्रिंकलर. ३२ फुटांची दावण असेल तर २४ इंची दोन पंखे, आठ फुटांच्या आतल्या उंचीवर पण गाईच्या तोंडाला लागणार नाहीत असे, खाली झुकवून. अशा पंख्याचा झोत सुमारे वीस फुटांपर्यंत कामाचा असतो.

पद्धत अशी: एक मिनिट पाणी, पाच मिनिटं नुसता पंखा, असं अर्धा-पाऊण तास. दिवसात चार वेळा: साडेअकरा, दीड, संध्याकाळच्या धारेआधी आणि रात्री आठ. थंड करण्याचं काम पंखा करतो, पाणी फक्त सुकण्यासाठी द्यायचं. बरोबर भिजलं का ते बघायला पाठीवरचे केस बोटाने बाजूला करा, कातडी ओली लागली पाहिजे. मग कासेखाली हात लावा, तिथे कोरडं हवं. पाणी पोटावरून ओघळून सडांपर्यंत आलं तर वेळ कमी करा, नाहीतर दूध वाढण्याऐवजी कासदाह मागे लागतो. स्प्रिंकलर लगेच जमत नसेल तर हाताने पाइप मारा आणि पंखा लावा, परिणाम तोच. पंखा नसताना नुसतं पाणी मारून गाय बंद गोठ्यात उभी करू नका, दमट हवेत ती जास्त तापते.

आटवलेली गाय तुम्ही बाहेर पत्र्याच्या तुकड्याखाली बांधलीय, ती आधी आत आणा. दूध देत नाही म्हणून तिला शेवटची जागा मिळते, पण शेवटच्या दोन महिन्यांत तापलेली गाय पुढच्या वेतात कमी दूध देते आणि वासरूही हलकं होतं. फवारा-पंखा तिलाही हवा.

म्हशींचं वेगळं आहे. कातडी काळी, घामग्रंथी गाईपेक्षा खूपच कमी. पंख्याइतकंच त्यांना अंगावर पाणी हवं. डबकं नसेल तर दुपारी दोन-तीनदा भरपूर पाणी मारा. त्यांचा माज या दिवसांत मुका होतो, म्हणजे खुणा नीट दिसत नाहीत, आणि रात्री दिसतो, तोही थोडा वेळ. गाईंचाही माज आखूड होतो. रात्री साडेदहाच्या आणि पहाटेच्या फेरीत शेपटीखाली सोट (माजाचा चिकट स्राव) दिसते का बघा. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी पहाटे गाय भरवा (रेतन करून घ्या), भर दुपारी नको. भरवल्यानंतरचा पहिला आठवडा गर्भ उष्णतेला सगळ्यात नाजूक असतो, त्या गाईला फवाऱ्याची पहिली जागा द्या. तरीही काही उलटतील, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतील. उन्हाळ्याचा परिणाम अंड्यावर दीड-दोन महिने राहतो, म्हणून पाऊस पडल्यावरही लगेच गाभण राहिल्या नाहीत तर गाय बाद ठरवू नका.

शेवटी एक गोष्ट, जी उष्णतेच्या नावाखाली सुटते. याच दिवसांत गोचीड वाढतात आणि गोचीड तापाची गाय सुद्धा धापा टाकते, खात नाही, दूध कमी करते. फरक थर्मामीटर सांगतो. गाईचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२ फॅरनहाइट. उष्णतेने तापलेली गाय दुपारी १०३ च्या वर जाईल, पण पहाटे पाचला खाली येते. पहाटेही १०३ च्या वर असेल, खांद्यासमोरची गाठ सुजलेली असेल किंवा डोळ्याची आतली त्वचा पांढुरकी पडली असेल, तर फवाऱ्यावर विसंबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा, रक्त तपासायला सांगा. लघवी कॉफीसारखी झाली तर तासही घालवू नका. गोचिडाचं औषध अंगावर माराल तेव्हा भिंतींच्या फटी, गव्हाणीचे कोपरे आणि दावणीचे खुंटे त्याच दिवशी फवारा, कारण अंडी तिथे असतात. प्रमाण बाटलीवरचं, वेळ सकाळची, आणि जनावर चाटणार नाही याची काळजी.

एखादी गाय १०६ च्या वर गेली, झोकांड्या खातेय असं दिसलं तर सावलीत घेऊन डोक्यावर आणि अंगावर सतत पाणी, पंखा पूर्ण, आणि १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकाला फोन. धापा टाकणाऱ्या गाईच्या घशात ताक, गूळपाणी, कांद्याचा रस असं काही ओतू नका, ते फुप्फुसात जातं आणि उष्माघातातून वाचलेली गाय न्यूमोनियाने जाते. बादली तोंडापुढे धरा, ती स्वतः पिईल तेवढंच.

हौद आणि रात्रीचा चारा उद्यापासून, सोडा परवापासून, पत्रा या आठवड्यात, पंखे त्यानंतर. दहा दिवसांनी श्वासांचे तीन रकाने, फॅटच्या पावत्या आणि गव्हाणीत काय उरतंय ते लिहा. रात्री दहाचा आकडा ४५ च्या खाली आला असेल तर फॉगरचे पैसे जाळीच्या कुंपणाला लावा.